माझ्यापासूनसुद्धा बंद

टेपचं एक टोक पुन्हा सुटलं होतं. बटणावर आडवी चिकटवलेली पारदर्शक पट्टी, तिच्याखाली कागदाचा कपटा, कपट्यावर तिच्याच अक्षरात 'बंद करू नये', आणि सुटलेल्या टोकाखाली धुळीची काळी कड. रंजीतानं अंगठ्यानं ते टोक दाबलं. चिकटलं नाही. पुन्हा दाबलं, जरा जोरात, आणि चटका बसावा तसा हात मागं घेतला... बटण हललं की काय? नव्हतं हललं. सर्व्हरची घरघर चालू होती, त्याच्या पाठीमागून ऊन ऊन वारा येत होता, सगळं कालच्यासारखंच होतं. फक्त तिच्या छातीत काहीतरी धावत सुटलं होतं आणि ते थांबायला तयार नव्हतं.

एवढं घाबरण्यासारखं काय आहे त्यात, असं तिनं स्वतःला विचारून पाहिलं. स्वतःच विचारलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर देता येतं, ही एरवी मोठी सोय असते. आज तीही चालेना.

मंगरूळपीरच्या बसस्टँडमागं, खताच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि एक न्हाणीघर, एवढाच संस्थेच्या महिला सल्ला केंद्राचा पसारा. न्हाणीघराचा नळ कायमचा बंद करून तिथं सर्व्हर ठेवलेला, कारण त्या एकाच खोलीला खिडकी नाही. तो सांभाळणं हे रंजीताचं काम. मानोऱ्याकडच्या तांड्यातली पोरगी कॉम्प्युटर शिकून आली म्हणून संस्थेनं एकदा तिला शाल दिली होती, फोटो काढला होता, आणि मग न्हाणीघर दिलं होतं.

पलीकडच्या खोलीत निकिताचं टेबल. त्यावरचा कॉम्प्युटर म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड, काम सगळं सर्व्हरवर चालायचं. काळ्या पडद्यावर एक रिकामी चौकट, पासवर्ड टाका. निकिता शिरपूरची, केंद्राची समुपदेशक. गेल्या आठवड्यात "आलीच वं मी" म्हणून स्कूटी घेऊन निघाली आणि कारंज्याच्या रस्त्यावर एका ट्रॉलीनं... आता ती अकोल्याच्या दवाखान्यात आहे, डोळे मिटून. डॉक्टर म्हणतात, वाट पाहा. जाताना तिनं पडदा लॉक केला होता, लॉगआउट केलं नव्हतं. कुणीच करत नसे. इथं लाइट किती वेळा जाते आणि पुन्हा आत शिरायला किती वेळ मोडतो हे ज्याला ठाऊक आहे तो त्या फंदात पडत नाही. पडदा लॉक करायचा आणि निघायचं, ही सगळ्या केंद्राचीच रीत होती. रंजीतानं ती चालू दिली होती. नव्हे, ती चालावी म्हणून सर्व्हरला मोठ्या बॅटरीचा इन्व्हर्टर तिनंच भांडून मिळवला होता.

म्हणून निकिता अजून आत आहे. तिथं बेशुद्ध आहे आणि इथं आत आहे.

सर्व्हर पहिल्यांदा उभा केला तेव्हा बायका जे सांगतील ते त्यांच्याच आवाजात साठवायचं ठरलं होतं, आणि रंजीतानं हट्ट धरला होता की प्रत्येक समुपदेशकाला एक खाजगी फोल्डर मिळालंच पाहिजे. मागितल्यावर नव्हे, नाव नोंदवलं की फोल्डर तयार, आणि कुलूपबंद. आपला पासवर्ड टाकून आत शिरलं की ते आपोआप उघडतं, बाहेर पडलं की आपोआप मिटतं, आणि मिटलेलं असताना कुणी डोकावलं तर आतल्या आवाजांचा नुसता भुगा दिसतो, ज्याला शेंडा ना बुडखा. "तुले बी नाही दिसणार?" निकितानं विचारलं होतं. "मलेसुद्धा नाही," असं रंजीता म्हणाली होती, आणि ते म्हणताना तिला इतकं हलकं वाटलं होतं की... का वाटलं होतं एवढं हलकं? तो विचार तिनं तेव्हा पुढं जाऊ दिला नव्हता. आताही दिला नाही.

पासवर्ड विसरलीच तर एक लांबलचक किल्ली असते, ती कुठंतरी जपून ठेव, असंही तिनं बजावलं होतं. निकिता हसली होती. ठेवली की नाही, ठेवली तर कुठं, ते आता त्या मिटलेल्या डोळ्यांच्या मागं. निकिताचा पासवर्ड रंजीता बदलू शकते, सर्व्हरची मालकीणच आहे ती. पण नव्या पासवर्डला ते फोल्डर ओळखत नाही. त्याला जुनाच लागतो.

म्हणजे निकिताला बाहेर काढलं की फोल्डर मिटणार, आणि निकिता शुद्धीवर आली नाही तर ते जन्मात उघडणार नाही. निकिताला आत राहू दिलं तर फोल्डर उघडंच, आणि उघडं असेपर्यंत सर्व्हरच्या मालकाला सगळं दिसतं. 'मलेसुद्धा नाही' हे अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं तिला माहीत होतं, पण तेव्हा ते इतकं बारीक वाटलं की सांगायचं राहूनच गेलं.

आणि त्यात धनीबाईचा आवाज होता.

धनीबाई तांड्यातलीच, लांबच्या नात्यानं काकी. दरवर्षी दिवाळी झाली की मुकादम रामसिंगच्या ट्रकमध्ये बसून ऊसतोडीला जाणारी. मागच्या हंगामात तिची सून तिकडं फडावरच गेली. साप चावला, असं रामसिंगनं तांड्यात येऊन सांगितलं आणि तांड्यानं ते ऐकून घेतलं. तांड्याच्या नायकाच्या अंगणात बैठक बसली तेव्हा धनीबाई पदर तोंडावर ओढून गप्प राहिली, कारण तिथं बोललेलं सगळ्या पुरुषांच्या कानी जातं. मग पावसाळा सरता सरता एका संध्याकाळी ती रंजीताच्या दारात येऊन बसली. बराच वेळ कोंबड्यांकडे बघत राहिली.

"तुह्या त्या मशीनीत ठेवलेलं कोणी आयकत नाही म्हणतेत. खरं हाये का वं?"

रंजीतानं सेवालाल महाराजांची शपथ घेतली. "निकिताशिवाय कोणी नाही, काकी. मी बी नाही."

दुसऱ्या दिवशी धनीबाई दार लावून निकितासमोर बोलली. रंजीता बाहेर बाकावर होती. दार उघडून धनीबाई आली, पाणी मागितलं, आणि न पिताच ग्लास तसाच परत दिला. निकिताचे डोळे लाल होते. धनीबाईनं साप पाहिला नव्हता, दुसरं काहीतरी पाहिलं होतं, एवढं रंजीताला समजलं. काय ते तिनं विचारलं नाही. शपथच होती ना. आणि धनीबाईचा मुलगा नवीन, त्या गेलेल्या सुनेचा नवरा, तो यंदाही रामसिंगच्याच ट्रकवर जाणार आहे. त्याला कुठं काही माहीत आहे.

सकाळी भागवत सरांनी बोलावलं. सर संस्थेचे सचिव. त्यांचा आवाज कधी चढत नाही, म्हणूनच त्यांची जास्त भीती वाटते. ओरडणाऱ्या माणसाचा निदान थांग लागतो.

"रंजीता, निकितानं घेतलेली बयानं पाह्यजेत. अहवाल अडकून राह्यला आपला."

"सर, ते तिच्या पासवर्डशिवाय उघडत नाही."

"अजिबात नाही?"

"नाही, सर."

"अच्छा." सरांनी पेनाचं टोपण लावलं. "मंग अकोल्याच्या हरीओमले बलावतो. तो पाहीन काय ते."

अहवालाचं खरं असेल. असेलच. संस्थेला अहवाल लागतात, त्यांच्याशिवाय संस्था चालत नाही. पण सरांच्या समोरच्या खुर्चीत रामसिंग बसला होता, मांडीवर सीताफळांची पिशवी घेऊन. दिवाळीआधी तो सगळ्या ओळखीच्यांकडे सीताफळं वाटत फिरतो, तसाच आला असेल... की धनीबाई केंद्रात येऊन गेल्याचं त्याला कुणी सांगितलं असेल? तो हसला. त्याचं हसू चांगलं आहे, हेच तर. लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून मी फडावरून कारखान्याचं धुराडं पाहिलं आहे, आणि तिथून त्यानं दाखवलेलं सगळं मला खरं वाटलेलं आहे.

"केवढी मोठी झाली वं तू! अमरदीपले सांग, यंदा त्याच्यासाठी ट्रकवर जागा ठेवली म्हना मी."

अमरदीप तिचा धाकटा भाऊ. तो कॉलेजात आहे, ऊसतोडीला जाणार नाही, हे रामसिंगला पक्कं माहीत आहे. मग असं का म्हणाला? थट्टेनं म्हणाला असेल. म्हणताना तो तिच्याकडे बघत नव्हता, पिशवीतून दोन चांगली पिकलेली फळं निवडत होता, आणि ती त्यानं तिच्या हातात ठेवली. तिनं घेतली. नाही म्हणता आलं नाही. 

मग जेवणं झाल्यावर सरांनी आपला फोन तिच्यापुढं धरला. पलीकडे हरीओम, आणि एसटीचा खडखडाट.

"मॅडम, ती बाई लॉगआउट तर नाही ना झाली?"

"...पाहावं लागेल."

"पाहून घ्या ना. लॉगिन असन तर हात बी नोका लावू कशाले. म्या बार्शीटाकळी सोडलं आत्ताच. इन्व्हर्टर हाये ना?"

"आहे."

"मंग झालं काम! मालकाच्या खात्यातून सरळ दिसते सगळं."

किती आनंदानं सांगितलं त्यानं. चांगला पोरगा असेल, कुणाचंही अडलेलं काम करून देणारा, घरी आईला सांगणारा की आज मंगरूळला जाऊन एक अवघड काम करून आलो. त्याच्याबद्दल तिला रागसुद्धा धरता येईना. सरांनी फोन परत घेतला. त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि मालकाच्या खात्याचा पासवर्ड त्यांच्या डायरीतही लिहिलेला होता.

"आयकलं ना? मशीनले हात नोको लावू."

तेव्हापासून ती इथं न्हाणीघरात उभी आहे. भिंतीपलीकडून रामसिंगचं बोलणं अधूनमधून येतं, शब्द नाहीत, नुसता आवाजाचा चढउतार. तो अजून गेला का नाही? सीताफळं देऊन झाली, चहा झाला, दुसऱ्यांदाही झाला. माणूस इतका वेळ कशासाठी थांबतो... एसटी कुठं आली असेल? महान गावाच्या पुढं आली असेल.

लाइट गेली. पलीकडचा पंखा थांबत थांबत थांबला, खाली दुकानात कुणीतरी सवयीनं शिवी दिली, आणि इन्व्हर्टरनं टीं टीं करत कामाला सुरुवात केली. रंजीताला एकदम आशा वाटली. बॅटरी दगा देऊ दे. सर्व्हर आपोआप बंद पडू दे, कुणाच्या हातानं नको, माझ्या हातानं तर नकोच. विजेचं कोण काय करणार, सरही काय बोलणार. ती कान देऊन ऐकू लागली. इन्व्हर्टर निवांत गुणगुणत होता. संध्याकाळपर्यंत पुरेल अशी बॅटरी होती ती; तशीच पाहिजे म्हणून ती दोन बैठकांत भांडली होती.

मग आपणच करावं. एक ओळ टाकायची, निकिताचं नाव घालायचं, एंटर दाबायचं. तिनं तिथला छोटा कीबोर्ड पुढं ओढला.  आणि तिला दिसलं की निकिताचं नाव टाकून 'बाहेर' म्हटलं की तिकडं अकोल्यात, त्या पांढऱ्या चादरीखाली, काहीतरी सुटेल. इथं ती आत आहे म्हणून तिथं टिकून आहे. हा शुद्ध वेडेपणा आहे, मी कॉम्प्युटर शिकलेली बाई आहे, एका यंत्रातल्या नोंदीचा आणि माणसाच्या श्वासाचा काय संबंध... संबंध नाही. तरी बोटं हलेनात. आजपर्यंत सगळ्यांना वाट पाहा, वाट पाहा म्हणत ती रोज सकाळी येऊन पहिल्यांदा तेवढंच पाहायची: निकिता आत आहे. आणि मग चहा करायची.

अजून एक रस्ता होता. तो तिला पहिल्याच मिनिटाला सुचला होता आणि पहिल्याच मिनिटाला तिनं तो बाजूला सारला होता. त्या फोल्डरातल्या फाइलींची, धनीबाईच्या आवाजासकट, नक्कल काढून आपल्या स्वतःच्या खाजगी फोल्डरात ठेवायची, आपल्या पासवर्डाखाली, आणि मग निकिताला बाहेर काढायचं. काही हरवणार नाही, काही उघडं राहणार नाही. हरीओम येईल, भुगा पाहील, चहा पिऊन जाईल. शपथ मोडते म्हणून ते करत नाही, असं ती सकाळपासून स्वतःला सांगत होती. पण नक्कल काढायला ऐकावं लागत नाही. एक शब्दही ऐकावा लागत नाही.

मग?

मग ते माझ्याकडे राहील. माझ्या नावानं, माझ्या किल्लीनं. उद्या, परवा, कधीतरी एखाद्या रिकाम्या दुपारी मी ते उघडेन, कारण उघडता येत असेल. आणि मला कळेल.

फडावरची ती दुपार. मोठी माणसं सगळी उसात, पाचटाच्या झोपड्यांपाशी, कोप्यांपाशी, फक्त पोरं आणि कुत्री. रंजीताच्या मांडीवर अमरदीप, दात येणारा, लाळ गाळणारा. शेजारच्या कोपीतून आवाज आला. बाईचा. रडण्याचा नव्हे, रडण्याच्या आधी जो घशात येतो तसा, आणि मग भांडं पडल्याचा, आणि मग काहीच नाही, आणि ते काहीच नाही फार वाईट होतं. तिनं दोन्ही हात कानांवर घट्ट दाबले. अमरदीप मांडीवरून सरकून मातीत पडला आणि त्याचं तोंड उघडलेलं तिला दिसत होतं, लाल, मोठं, तरी हात निघेनात. संध्याकाळी आई अमरदीपच्या कपाळावरचं टेंगूळ पाहून ओरडली. काय झालं? काही नाही. खरंच तिनं काही ऐकलं नव्हतं. कोण होती ती बाई, कुणाची कोपी होती, पुढं काय झालं, कुणी कधी बोललं नाही. आणि रंजीता शिकली, नंबरात आली, आणि तिला असं एक काम मिळालं की ज्यात सगळ्या जगातल्या बायकांचे आवाज तिच्या हातून जात होते आणि एकही तिला ऐकू येत नव्हता.

म्हणून हलकं वाटलं होतं.

 त्या बायकांसाठी म्हणून जे कुलूप मी हट्टानं घातलं, ज्याच्या भरवशावर शपथ घेतली... ते कुणासाठी होतं? त्यांच्यासाठीही होतं. होतंच, ते खोटं नाही. पण आधी कुणासाठी होतं?

तिनं खिशातून मोबाइल काढला आणि धनीबाईला लावला. का लावला ते तिला सांगता आलं नसतं. बहुतेक तिला वाटलं असावं की धनीबाई काहीतरी ठरवून टाकेल, मोठी माणसं टाकतात तसं. बराच वेळ वाजल्यावर फोन उचलला गेला. मागं सोयाबीनच्या थ्रेशरचा कडकडाट होता.

"काकी, मी रंजीता."

"बोल पोरी. थांब, आयकू नाही येऊन राह्यलं. बांधावर येऊ दे."

चालण्याचा आवाज, वाळलेल्या धसकटांचा. मग कडकडाट थोडा मागं पडला. रंजीतानं तोंडाशी हात धरून, भिंतीकडे पाठ करून, हळू आवाजात सगळं सांगितलं. निकिताचं, पासवर्डाचं, एसटीत बसून येणाऱ्या माणसाचं. रामसिंग पलीकडच्या खोलीत आहे हेही सांगितलं. 

धनीबाईनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "तू म्हनली होती, तुले बी दिसत नाही."

"दिसतं, काकी. निकिता आत असताना दिसतं. मी नाही पाहिलं. शपथेनं नाही पाहिलं."

"हं."

त्या 'हं'मध्ये राग असता तर बरं झालं असतं.

"बंद कर ते," धनीबाई म्हणाली. "आत्ताच कर."

"मग कदाचित कधीच नाही उघडणार. निकिता जर... मग गेलंच सगळं, काकी. तुमचं बोलणं गेलं."

"कुठी गेलं? मी हाये ना जित्ती."

 सकाळपासून रंजीतानं त्या फोल्डराचा हजार बाजूंनी विचार केला होता, ते मिटेल, ते उघडेल, ते हरवेल. आणि हे सगळं जिच्या डोक्यात जसंच्या तसं आहे ती बाई तांड्यात राहते, रामसिंगच्या घराला लागून तिची पाण्याची वाट आहे, हे तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं. त्या बाईला कुठला पासवर्ड? ती सोंगणीला जाते, विहिरीवर जाते, दिवाळीनंतर त्याच ट्रकमध्ये चढणार आहे. भीती कमी होईल म्हणून फोन केला होता, आणि ती एकदम केवढी तरी मोठी झाली, तिला आता तोंड होतं, हातपाय होते.

तिनं फोन खांद्यानं कानाशी दाबला आणि एका हातानं ती ओळ लिहिली. निकिताचं नाव लिहिताना थांबली. मग एंटर दाबलं. पडद्यावर फार काही झालं नाही, एक ओळ आली आणि थांबली. तिनं फोल्डराकडे पाहिलं. भुगा होता.

"झालं, काकी."

"बरं." धनीबाईचा श्वास ऐकू येत होता, उन्हात काम करणाऱ्या माणसाचा, जाड. "त्या पोरीले सांगतलं तवा मले वाटे, येकदा सांगतलं का सुटलो आपन. नाही सुटत ते. आता तीबी अशी निजून राह्यली." ती थांबली. "तुले सांगू का?"

रंजीतानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आयकशील का तू?"

पलीकडच्या खोलीत खुर्ची सरकली. कुणीतरी उठलं. भागवत सर असतील, की रामसिंग... पायऱ्यांवरही पावलं वाजल्यासारखी वाटली, पण ती दुकानातली असतील. आता नको, काकी, संध्याकाळी घरी येते, तेव्हा सांगा, फोनवर नको, इथं नको, तो शेजारी आहे. हे सगळं खरं होतं, एकेक शब्द शहाणपणाचा होता, आणि तिला कळलं की हे म्हटलं तर ती संध्याकाळी जाणार नाही. तिला स्वतःची ओळख होती तेवढी.

"हो," ती म्हणाली. आवाज फारच लहान निघाला. लाइनवर पोचला की नाही याची शंका यावी इतका. "सांगा."

थ्रेशर कुणीतरी बंद केला असावा, कारण पलीकडे एकाएकी सगळं शांत झालं, आणि त्या शांततेत धनीबाईनं घसा साफ केला.  रंजीता घाबरली होती, सकाळपेक्षाही जास्त. पण कुणीतरी यावं आणि हे आत्ताच्या आत्ता थांबवावं, असं मात्र तिला दिवसभरात पहिल्यांदाच वाटत नव्हतं.